‘अनफिट’ ह्या शब्दाची चाल

राजेरजवाड्यांचा इतिहास जितका डोळ्यांत भरतो, तितका शब्दांचा भरत नाही. परंतु राज्ये जातात आणि त्यांनी आणलेले शब्द मागे राहून माणसांच्या आयुष्यावर अंमल गाजवीत राहतात. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आलेल्या शब्दांचा विचार करताना कोर्ट, कलेक्टर, स्टेशन, तिकीट ही नामे चटकन आठवतात. विशेषणांकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. वस्तुतः नाम एखादी वस्तू दाखवून थांबते. विशेषण त्या वस्तूविषयी निकाल देते. असाच एक निकाल देणारा शब्द ‘अनफिट’ हा होय. फौजेच्या भरतीत, रेल्वेच्या दवाखान्यात, गाड्यांच्या तपासणीत तो इतका रुळला आहे की, इंग्रजीचे अक्षरही न शिकलेला मनुष्य ‘मेडिकलला अनफिट केला’ असे सहज बोलून जातो. ह्या एका शब्दाने माणसाचे, घराचे आणि जमिनीचे काय काय केले, आणि ज्या नव्या मुंबईत आपण आज हा वसंतोत्सव साजरा करीत आहोत, तिच्याशी त्याचा संबंध कोणता, हे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. अयोग्यता दाखविणारे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. ‘अनसूटेबल’ ह्याच्या मुळाशी मागोमाग जाण्याची, साथीने चालण्याची कल्पना आहे. जे बरोबर चालत नाही ते अनसूटेबल. ‘इनएलिजिबल’ ह्याच्या मुळाशी निवड आहे. जो निवडीच्या कक्षेतच येत नाही तो इनएलिजिबल. ‘इनेप्ट’ हा लॅटिनातून आलेला शब्द मुळात ‘न जुळणारा’ एवढ्याच अर्थाचा. पुढे तो अडाणी, गबाळा अशा माणसाला लागला. ‘अनफिट’ ह्यांपैकी सर्वांत साधा. चौकटीत दार बसते की नाही, अंगात अंगरखा बसतो की नाही, असा ‘फिट’चा रोखठोक अर्थ, आणि न बसणारे ते ‘अनफिट’. पण दार बसत नाही तेव्हा दोष दाराचा की चौकटीचा, हे त्या शब्दात सांगितलेले नसते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आपल्याकडेही ह्या अर्थाच्या शब्दांची वाण नव्हती. ‘अयोग्य’ हा संस्कृत शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे ह्या धातूपासून निघाला आहे. जो जुंपता येत नाही तो अयोग्य. ‘अपात्र’ ह्यात पात्र म्हणजे भांडे आहे. ज्यात ठेवलेले टिकणार नाही ते अपात्र. ‘नालायक’ ह्यातला ‘ना’ फारसी आणि ‘लायक’ अरबी. कचेरीच्या मराठीत तो एक कोरा, कामापुरता शेरा होता: अमुक मनुष्य अमुक कामास नालायक, अमुक जमीन लागवडीस नालायक. पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊकच आहे. ‘कामास’ हे पद गळाले आणि नुसता ‘नालायक’ उरला. तो शेरा राहिला नाही, शिवी झाली.

ह्या सर्व शब्दांना व्याकरणाने चतुर्थीची अपेक्षा असते. राहण्यास अयोग्य, पिण्यास अयोग्य, नोकरीस अपात्र. इंग्रजीतही अनफिट ‘फॉर’ अमुक, अनफिट ‘टू’ तमुक अशीच रचना आहे. जोवर ही चतुर्थी शाबूत आहे तोवर विधान मर्यादित असते, त्याची तपासणी करता येते आणि ते चुकीचे ठरल्यास मागेही घेता येते. चतुर्थी गळाली की विधानाचा डाग बनतो. ‘अनफिट’चा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी ही चतुर्थी गळण्याचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे.

माणसापासून आरंभ करू. हर्बर्ट स्पेन्सर ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १८६४ साली ‘जो सर्वांत फिट तो टिकतो’ अशा अर्थाचा वाक्प्रयोग रूढ केला आणि डार्विनने १८६९ साली आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत तो स्वीकारला. तेथे ‘फिट’ ह्याचा अर्थ बलवान किंवा श्रेष्ठ असा नव्हे; भोवतालच्या परिस्थितीस जुळणारा एवढाच होता. ठाण्याच्या खाडीतले तिवराचे झाड घ्या. भरतीच्या खाऱ्या पाण्यात आणि श्वास कोंडणाऱ्या चिखलात ते मजेत वाढते. आंब्याचे रोप तेथे आठवडाभरही धरणार नाही. तेच तिवर डोंगरउतारावर लावले तर आंब्यापुढे ते अनफिट. श्रेष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. परंतु काही विद्वानांनी आणि राज्यकर्त्यांनी ह्या विशेषणाचे नाम केले. ‘अनफिट लोक’ असा माणसांचा एक वर्गच कल्पिला गेला. कशासाठी अनफिट, हे विचारण्याची गरज उरली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली कॅरी बक नावाच्या तरुणीच्या खटल्यात, अशा ठरविलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा उचलून धरला; आणि १९३३ नंतर जर्मनीत हाच विचार कोणत्या थरास गेला, ते जगाने पाहिले.

आपल्याकडेही ह्याचा एक पडसाद उमटला होता. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार शिपाई प्रारंभापासून होते. कोरेगावच्या १८१८ सालच्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’ नावाचा सिद्धांत फौजेत बोकाळला आणि १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद करण्यात आली. कोणा एका शिपायाची छाती मोजून, नजर तपासून हा निर्णय झाला नव्हता. सबंध समाजच एका शेऱ्याने बाहेर काढला गेला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त फौजी. त्यांनी १८९४ साली ह्याविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे ह्यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभारली गेली, युद्ध संपताच ती मोडली, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की लायक आणि गरज सरली की नालायक! ह्यात बदलली होती ती चौकट. माणूस तोच होता.

आता घराकडे वळू. ‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन’, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य, हा शब्दसमूह विलायतेच्या १८६८ सालच्या कामगारवस्तीविषयक कायद्यातून आला. कारखान्यांच्या शहरांतील अंधारी, ओलसर घरे मालकाने दुरुस्त करावी, नाही तर पाडावी, असा त्या कायद्याचा रोख होता. हेतू चांगला होता आणि चतुर्थीही पुरी होती. मुंबईत हा शब्दसमूह घरोघरी पोहोचला तो प्लेगबरोबर. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये जनरल गेटेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. झडत्या सुरू झाल्या. जेथे रोगी दगावला त्या घराच्या भिंतीवर वर्तुळ काढले जाई. आणि जी खोली मनुष्यवस्तीस अयोग्य ठरे तिच्यावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविली जात. आत राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. पण त्यांचा अर्थ काय हे त्यांना शिकवावे लागले नाही.

त्या खोल्या अयोग्य नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. ज्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे आणि जिच्या मागच्या बोळात मैला साचलेला असे, तिला योग्य कोण म्हणेल? प्रश्न निराळाच आहे. खोलीवर शेरा मारला, मग खोलीतला मनुष्य गेला कोठे? १८९८ साली मुंबईच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाडा आदी दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, चाळीही बांधल्या. परंतु आरंभीच्या वर्षांत पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा मोठा होता. उठविलेली माणसे कामधंदा सोडून लांब जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या आळीत शिरली, आणि जेथे चार माणसे कशीबशी राहत होती तेथे आठ राहू लागली. म्हणजे एका घराचा ‘अनफिट’पणा दूर करताना तो शेजारच्या घरात नेऊन ठेवला गेला. शेरा मारणाऱ्याच्या कागदावर ती खोली होती. तीत राहणाऱ्याला पर्याय काय, हे त्या कागदावर नव्हते.

मुंबईची ही दाटी पुढे वाढतच गेली. स्वातंत्र्यानंतर गिरण्या, कारखाने, गोद्या आणि कचेऱ्या ह्यांमुळे लोंढा वाढला आणि हे चिंचोळे बेट एवढी वस्ती पोसण्यास असमर्थ आहे, अशी भाषा सुरू झाली. १९६५ साली ‘मार्ग’ ह्या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा ह्या जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आली. मुंबईच्या घरावरचा शेरा असा खाडी ओलांडून आला, आणि तेथे त्याची गाठ जमिनीवरच्या एका जुन्या शेऱ्याशी पडली.

हा जुना शेरा सातबाऱ्यातला होय. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी जमीनमोजणी आरंभिली, १८४७ साली तिचे नियम संयुक्त अहवालात पक्के झाले आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. प्रत्येक सर्व्हे नंबरातून लागवडीस अयोग्य तेवढा तुकडा वजा करावयाचा आणि उरलेल्या जमिनीची आण्यांत प्रत ठरवून तिच्यावर आकार बसवावयाचा, अशी ती रीत. ह्या वजा केलेल्या तुकड्यास ‘पोटखराब’ म्हणतात. पोटहिस्सा, पोटकलम ह्यांत जो ‘पोट’ आहे तोच हा. नंबराच्या पोटातला खराबा. आजही गाव नमुना सातवर लागवडयोग्य क्षेत्राखाली ‘पोटखराब क्षेत्र, लागवड अयोग्य’ असा रकाना असतो आणि त्याचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन वर्ग असतात.

ह्या वर्गांची व्याख्या मोठी उद्बोधक आहे. १९६८ सालच्या नियमांप्रमाणे ‘अ’ वर्गात मोजणीच्या वेळी शेतीस अयोग्य ठरलेली जमीन येते, आणि तिच्यातच शेतकऱ्याचे शेतघर आणि खळे ह्यांचाही समावेश होतो. ‘ब’ वर्गात रस्ता, पायवाट, इतरांच्या उपयोगाचे तळे वा ओढा, दफनभूमी, गावच्या कुंभारकामासाठी राखलेली जागा अशा गोष्टी येतात. खळे शेतीस अयोग्य! ज्या जागेवर वर्षाचे पीक झोडपून, वारवून घरात येते, जी शेतकरी शेणाने सारवतो आणि जिची पूजा करतो, ती जागा कागदावर खराबा. ह्यात मोजणीदाराची चूक नाही. त्याला एवढेच पाहावयाचे होते की ह्या जागेतून पीक उगवत नाही, म्हणून तिच्यावर सारा बसत नाही. सारा आकारण्यास अयोग्य, हे त्याचे म्हणणे. त्याचे पुढे ‘लागवडीस अयोग्य’ झाले आणि सामान्य बोलण्यात नुसते ‘खराब’ उरले.

आता पनवेल, उरण, बेलापूर ह्या पट्ट्याकडे पाहा. ह्या भूमीचा मोठा भाग खाडीकाठचा. तेथे तीन प्रकारची जमीन एकमेकींस लागून होती. समुद्राच्या पाण्याला मातीचा बांध घालून मिळविलेली खारजमीन, तिच्यापुढे भरतीच्या पाण्याखाली जाणारे खाजण आणि जागोजाग मिठागरे. खारजमीन म्हणजे निसर्गाची देणगी नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांची कमाई होय. बांधाला ‘उघाडी’ ठेवावयाची. भरतीच्या वेळी तिची झडप बंद होऊन खारे पाणी बाहेर थोपते आणि ओहोटीच्या वेळी उघडून आतले पावसाचे पाणी निघून जाते. काही पावसाळे जमीन धुऊन निघाली की तीत खाऱ्या जमिनीला सोसणारा भात येतो. बांध फुटला तर एका रात्रीत सारे पुन्हा खारे. म्हणून बांधाची राखण हे साऱ्या गावाचे काम असे.

खाजणात भात येत नव्हता, पण चिंबोरी, कोळंबी, निवटे आणि जिताडा मिळत होता. तिवराच्या काटक्या चुलीला मिळत होत्या. मिठागरात तर मीठच पिकत असे. आगरी समाजाचे नावच ह्या आगरांवरून पडले, असे मानतात. परंतु मिठाचा हिशेब निराळ्या खात्यात, १८९०च्या मीठ कायद्याखाली. आणि चिंबोऱ्यांचा हिशेब कोणत्याच खात्यात नाही. महसुलाच्या डोळ्याला जे दिसत नव्हते, त्यावर अनेक कुटुंबांचे पोट चालत होते. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा करून बांधबंदिस्तीचे काम अंगावर घेतले. अयोग्य भूमी श्रमाने आणि बांधाने योग्य होऊ शकते, ह्याची ती सरकारी कबुलीच होती.

शहर आले तेव्हा ह्या साऱ्या भेदांना नवी चौकट लागली. शेतीस योग्य की अयोग्य हा प्रश्न मागे पडला आणि बांधकामास योग्य की अयोग्य हा पुढे आला. पिकती भातखाचरे शहरास लायक ठरली. सखल, दलदलीची भूमी नालायक ठरली, म्हणून तिच्यावर भराव टाकून ती लायक करावयाची असे ठरले. येथे एक मौज आहे. पावसाळ्यात भरतीच्या वेळी हे सखल शहर बुडू नये म्हणून अभियंत्यांनी धारण तलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसविल्या. भरतीला झडप मिटावी, ओहोटीला उघडावी. ही उघाडीच नव्हे काय? खार राखणाऱ्या शेतकऱ्याची विद्या नव्या शहराने उचलली. शेतकऱ्याला मात्र ‘प्रकल्पग्रस्त’ हे नाव दिले.

मोबदल्याच्या वेळी ह्या शब्दांची किंमत रुपयांत कळली. भूसंपादनात कागदावर जमीन काय आहे ते पाहिले जाते; खाजणातली मासळी, मिठागरावरची मजुरी, ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचा रोजगार, ह्यांना कागदावर जागा नव्हती. असंतोष साचत गेला. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जणांनी प्राण गमावले. जासईच्या परिसरात दरवर्षी त्यांचे स्मरण केले जाते. विकसित भूमीत मूळ मालकाचा हिस्सा असावा, हे तत्त्व पुढे १९९०च्या दशकात साडेबारा टक्के योजनेच्या रूपाने मान्य झाले. ते तत्त्व म्हणजे एका अर्थी जुना शेरा पुसणेच होते. भूमीची किंमत ती आज काय आहे एवढ्यावरून ठरत नाही, ती काय होऊ शकते ह्यावरूनही ठरते, आणि त्या वाढीत जुन्या धन्याचा वाटा आहे, असे त्यात गृहीत आहे.

खाजणाच्याही वाट्याला उशिरा का होईना न्याय आला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस आणि त्यांवरील भरावास मनाई केली. २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ही खाडी रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी ठरली. ज्या चिखलावर मोजणीदाराने फुली मारली, त्याच चिखलाला जगाने मानाचे पान दिले. चिखल बदलला नव्हता. पण हा मान मिळेपर्यंत त्याचा केवढा भाग भरावाखाली गेला, हेही विसरता येत नाही.

इतिहासाचा फेरा येथेच पुरा होत नाही. मुंबईच्या अयोग्य घरांना पर्याय म्हणून जे शहर वसले, त्याच्या वाशीसारख्या जुन्या विभागांतील घरांवरच तो शेरा परतून आला. सिडकोने पहिल्या काही दशकांत बांधलेल्या अनेक इमारतींचे छत ढासळू लागले, सळया उघड्या पडल्या. महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. तीत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य आणि तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-२अ’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी. ‘सी-२ब’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. १८९७च्या तीन अक्षरांपेक्षा ही वर्गवारी निश्चितच सुधारलेली आहे. तीत कशासाठी अयोग्य आणि त्यावर उपाय काय, हे दोन्ही सांगितलेले असते. म्हणजे चतुर्थी शाबूत आहे. २०१५ साली अशा इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी अडीच चटईक्षेत्र निर्देशांकही मंजूर झाला. तरीही सी-१च्या घरात सामान बांधून बसलेल्या कुटुंबाचा प्रश्न गिरगावच्या वा मांडवीच्या भाडेकऱ्याचाच आहे: येथून उठलो तर जावयाचे कोठे, आणि परत यावयाचे केव्हा? ह्या प्रश्नाचे उत्तर यादीच्या कोणत्याच रकान्यात नसते.

म्हणून ‘अयोग्य’ हा शब्द वापरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पडके घर पडकेच म्हटले पाहिजे आणि दूषित पाणी पिण्यास अयोग्य म्हणून सांगितलेच पाहिजे; न सांगणे हा गुन्हा ठरेल. आमचे म्हणणे इतकेच की, हा शब्द ज्याच्या हाती आहे त्याने तीन गोष्टींचा खुलासा करावा. अयोग्य, ते कशासाठी? अयोग्य, ते कोणाच्या मापाने? आणि अयोग्य ठरल्यावर त्या घरातल्या, त्या भूमीवरच्या माणसाची सोय काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपली शासने हळूहळू देऊ लागली आहेत. तिसऱ्याचे उत्तर १८९७ पासून बाकी आहे, आणि ते मागण्याचा अधिकार ह्या नगरातल्या आगरी-कोळ्यांना जितका आहे, तितकाच वाशीच्या सदनिकाधारकालाही आहे. दोघांच्या दारावरचा शेरा एकाच घराण्यातला आहे, हे ओळखले तर कदाचित दोघे मिळून तो प्रश्न विचारतील.